जाते, गिरणी आणि ओवी : परभणी जिल्ह्यातील स्त्रीगीतांच्या आधारे एक विचार

१. प्रश्नाची मांडणी

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात एक विधान इतक्या वेळा केले गेले आहे, की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा वाटत नाही. 'पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी गेली' हे ते विधान होय. वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते खोटे नाही. कारणमीमांसा म्हणून मात्र ते फार अपुरे आहे. यंत्र हा कर्ता, गीत हे त्याचे भक्ष्य आणि संस्कृतीचा ऱ्हास हा परिणाम, अशी त्याची सोपी रचना आहे. या रचनेत गिरणी आहे आणि ओवीही आहे. दळणारी बाई मात्र कोठेच नाही. तिने जाते का सोडले, सोडल्यावर तिच्या हाताशी काय आले आणि ओवीतून ती जे बोलत होती ते आता ती कोठे बोलते, हे प्रश्न त्यामुळे उपस्थितच होत नाहीत.

आधुनिक जीवनाची घडण समाजमूल्ये, तंत्रज्ञान आणि राजकारण या तीन शक्तींच्या परस्परक्रियेतून होते, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. पण असे तत्त्व एखाद्या ठोस वस्तूवर लावून पाहिल्याखेरीज त्याचा कस लागत नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी जाते ही वस्तू, ओवी हा वाङ्मयप्रकार आणि परभणी जिल्हा हे क्षेत्र निवडले आहे. या निवडीस कारणे आहेत. दळण-कांडणाचा अनुभव मराठी काव्यात प्रथम ठसठशीतपणे आणणाऱ्या संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या गंगाखेडचा निर्देश करते, ते गोदाकाठचे गाव याच जिल्ह्यात आहे. जात्यावरच्या ओव्यांच्या अलीकडच्या काळातील सर्वांत मोठ्या संग्रहात या जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्यांना स्थान आहे. शिवाय ज्वारी हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आणि निजामी राजवट हा येथील अलीकडच्या इतिहासाचा पाया. म्हणजे अन्न, यंत्र आणि सत्ता या तिन्हींच्या खुणा येथे एकत्र पाहता येतात. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तो भागही परभणी जिल्ह्यातच मोडत होता, हे जुन्या संदर्भांचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

२. श्रम आणि छंद

ओवी ही ग्रंथात येण्यापूर्वी गळ्यात होती, याला प्राचीन पुरावा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' (इ. स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त ओवीची दखल घेतली. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील. तेव्हा ज्ञानदेवांनी ज्या छंदाला तत्त्वज्ञानाच्या उंचीवर नेले, तो स्त्रियांच्या श्रमातून आधीच घडलेला होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ग्रंथातील ओवी साडेतीन चरणांची मानली जाते. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि प्रत्येक ओळीत मध्ये एक विसावा असतो. तिची लय समजण्यासाठी दळणाची क्रिया समोर आणावी लागते. खाली स्थिर तळी, वर फिरणारी पेठ, पेठेत ठोकलेला खुंटा आणि मध्यभागी जात्याचे तोंड. एका हाताने खुंटा ओढावयाचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालावयाची. समोरासमोर बसलेल्या दोघी असल्या तर खुंटा एकीकडून दुसरीकडे जातो, आणि ओवीचा पूर्वार्ध एकीने उचलला की उत्तरार्ध दुसरी धरते. वैरण घालताना हात क्षणभर अडतो; तेथे 'बाई', 'सांगते' यांसारखे पुरणशब्द येतात. छंदःशास्त्राच्या दृष्टीने जे अतिरिक्त वाटते, ते श्रमाच्या दृष्टीने अत्यावश्यक असते. जाते बोथटले की टाकी लावून घ्यावी लागे, आणि जड चालणाऱ्या जात्यावर गळाही जड होई. या अर्थाने श्रमाची क्रिया ओवीच्या रचनेचाच भाग आहे.

गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी होती. दळण तिचे, पण पीठ दुसऱ्याच्या घरचे. तिच्याविषयीची सर्वांत लोकप्रिय कथा म्हणजे विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, ही होय. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे तिचे म्हणून दाखविले जाणारे जातेही या कथेच्या लोकप्रियतेची साक्ष देते. या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वपरिचित आहे. सामाजिक अर्थाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. कथेतील देव जनाबाईचे दळण नाहीसे करीत नाही, तो खुंट्याला हात लावतो. ज्या समाजात श्रम हलका करणारे साधन नाही आणि श्रमाची वाटणी बदलण्याची शक्यताही नाही, तेथे सुटकेची कल्पना सोबतीच्या रूपानेच करता येते. जनाबाईनंतरच्या कितीतरी पिढ्यांनी जात्याला देव मानून त्याच्याशी संवाद केला, त्यामागेही हीच गरज असावी.

३. मूल्यांनी दिलेली जागा

जात्यावर कोणी बसावयाचे, केव्हा बसावयाचे आणि किती वेळ बसावयाचे, हे घरातील मूल्यव्यवस्था ठरवीत असे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवता येत नाही; त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण रोजचे किंवा दोन-तीन दिवसांआडचे. पुरुष उठण्यापूर्वी, पाणी भरण्यापूर्वी, शेतावर जाण्यापूर्वी ते उरकले पाहिजे. ज्या घरातून पहाटे जात्याची घरघर ऐकू येते त्या घरची सून कामाची, हा गावाचा निकष होता. थोरल्या जावेपेक्षा धाकटीच्या आणि सासूपेक्षा सुनेच्या वाट्याला खुंटा अधिक येई. म्हणजे जाते हे घरातील उतरंडीचेही साधन होते.

याच उतरंडीतून ओवीला तिची जागा मिळाली. दिवसभर पदराआड आणि मान खाली घालून वावरणाऱ्या सुनेला पहाटेच्या अंधारात, जात्याच्या आवाजाच्या आडोशाने मोठ्याने बोलण्याची मुभा होती. ही मुभा पूर्ण एकांताची नव्हती. पलीकडच्या खणात सासू जागी असे, आणि ओवी तिच्याही कानी पडे. म्हणूनच ओवीने सूचकतेची एक खास रीत घडविली. सासरचा जाच सांगावयाचा तर तो सरसकट आपला म्हणून सांगावयाचा नाही. सीतेचा म्हणून सांगावयाचा. सीतेचा वनवास गाण्यास कोणाची हरकत असणार?

ताडकळस येथे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत ही रीत स्पष्ट दिसते. अरण्यात सीता रडते आहे आणि तिची समजूत घालावयास बोरी-बाभळी बायका होऊन आल्या आहेत, अशी कल्पना तेथील गायिकेने गायिली आहे. या प्रतिमेचे बळ तिच्या स्थानिकतेत आहे. संस्कृत काव्यातील अशोक किंवा कमळ येथे नाही. बोर आणि बाभूळ ही काळ्या रानातील बांधावरची काटेरी झाडे. इंधनासाठी काटक्या मोडताना रोज हाताला टोचणारी. तीच येथे शेजारणी होतात. त्यांना बायका म्हणण्यात एक अबोल विधानही आहे. सीतेचे ऐकणारे कोणी माणूस तेथे नाही. जे ऐकतात ते काटेरी आहे आणि बाईच्या जातीचे आहे. रामाच्या निर्णयाची चर्चा ओवी करीत नाही. ती सीतेच्या बाजूला जाऊन बसते, आणि न्यायनिवाड्याचे सर्व सामर्थ्य त्या बसण्यात असते.

तथापि सर्व ओव्या अशा नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भावाचे कौतुक, मुलाची हौस, अहेवपणाचे महत्त्व, जातीचा आणि घराण्याचा अभिमान यांच्या ओव्या संख्येने थोड्या नाहीत. तारा भवाळकर यांनी स्त्रीच्या लोकगीतांतील आत्मस्वराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, हे त्यांचे मोठे कार्य होय. पण तो आत्मस्वर व्यवस्थेने शिकविलेल्या भाषेतूनच उमटतो, ही मर्यादा त्याच्या गुणाइतकीच महत्त्वाची आहे. जात्याने बाईला वाणी दिली. निर्णयाचा अधिकार दिला नाही. ज्या मूल्यांनी तिला पहाटे उठविले, त्याच मूल्यांच्या कक्षेत तिने आपले दुःख गायिले.

४. यंत्रांची साखळी

जात्याची जागा एका यंत्राने घेतली, असे मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ती यंत्रांची आणि साधनांची एक साखळी होती. आधी तेलाच्या इंजिनावर चालणारी, दुरून पुकपुक ऐकू येणारी गिरणी मोठ्या गावांत आणि बाजाराच्या ठिकाणी आली. विजेच्या मोटारीवरची गिरणी त्यानंतर लहान गावांत पोचली. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि ग्रामीण विद्युतीकरण हा शासनाचा कार्यक्रम बनला. मात्र धरण जिल्ह्यात असणे आणि वीज घरात असणे यांत अंतर असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील ग्रामीण भागाने जे कडक भारनियमन सोसले, त्या काळात दळणाचे डबे गिरणीत ठेवून वीज येण्याची वाट पाहणे हा खेड्यातील दिनक्रमाचा भाग झाला होता.

गिरणीने दळणाचे स्वरूप तीन बाबतींत बदलले. पहिली बाब अशी, की घरात, विनामूल्य आणि बाईने करावयाचे काम घराबाहेर, पैसे देऊन आणि बहुधा पुरुषाच्या हातून होऊ लागले. पायलीच्या मापाने धान्य मोजणाऱ्या घराला दळणासाठी रोख पैसे लागू लागले. दुसरी बाब काळाची. रोजचे दळण आठवड्यावर गेले. विरी थोडी कमी झाली तरी चालवून घेण्याची सवय लागली. तिसरी बाब सामाजिक आहे. गिरणीच्या दगडांत आधीच्या दळणाचे थोडे पीठ नंतरच्या पिठात मिसळतेच. ज्या समाजात अन्नाला आणि पाण्याला विटाळ होत असे, तेथे सर्व घरांचे दाणे एकाच तोंडातून खाली जाऊ लागले. सोवळ्याचे दळण घरच्या जात्यावरच करण्याचा आग्रह काही घरांत त्यामुळेच टिकून राहिला. यंत्र जात पाळत नाही, पण यंत्रासमोरची रांग माणसांची असते. म्हणून गिरणीने विटाळ संपविला असे म्हणता येत नाही. विटाळ पाळणे तिने अधिक गैरसोयीचे केले, एवढेच म्हणता येते.

या साखळीतील पुढची कडी शेतातली आहे. ज्वारीचा सी. एस. एच.–१ हा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये देशात प्रसारित झाला आणि 'हायब्रीड' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत स्थिरावला. १८ मे १९७२ रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण आणि लोह व जस्त यांचे प्रमाण वाढविलेला, २०१८ मध्ये पुढे आलेला 'परभणी शक्ती' हा वाण ही या विद्यापीठाची देणगी. जायकवाडी प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ १९६५ मध्ये आणि उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यातील काही शिवारांचे पीकमान पालटले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले आणि कापसाबरोबर तेही नगदी पीक म्हणून रुजले. ज्वारीचे रान त्या प्रमाणात आक्रसले. म्हणजे आधी जाते गेले, मग जात्यात पडणारा दाणाही शेतातून मागे हटला. या दुसऱ्या घटनेची दखल लोकसाहित्याच्या अभ्यासाने घेतलेली नाही. पण अन्नाशी बांधलेल्या गीताच्या दृष्टीने ती पहिलीइतकीच निर्णायक आहे.

वाचलेला वेळ कोठे गेला, हा यापुढचा प्रश्न. तो विश्रांतीत गेला असता, तर नव्या गीतांना किंवा नव्या वाचनाला अवसर मिळाला असता. परंतु नगदी पिकांनी याच वेळेवर हक्क सांगितला. सोयाबीनची खुरपणी आणि कापसाची वेचणी ही मुख्यतः स्त्रियांची मजुरी. कोयत्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबातील बाईची पहाट तर फडातच उजाडते. या कामांत ओवी का नाही, याचे उत्तर श्रमाच्या घडणीत सापडते. जात्याची क्रिया वर्तुळाकार, एकलय आणि एका जागी बसून करावयाची असते. वेचणीत बाया ओळीने पुढे सरकत जातात, प्रत्येकीचा हात वेगळ्या गतीने चालतो आणि कामाला ताल नसतो. तेथे गप्पा होतात, थट्टा होते; पण दोन ओळींत विसावा घेऊन फिरणारा छंद तेथे धरता येत नाही. श्रम संपला म्हणून ओवी संपली, असे नव्हे. श्रम राहिला, त्याची लय तेवढी गेली.

५. सत्तेचे पडसाद

ओवी ही राजकारणापासून अलिप्त असलेली घरगुती रचना आहे, हा समजही तपासून पाहावा लागतो. परभणी जिल्ह्याच्या इतिहासातील ठळक टप्पे सर्वपरिचित आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्तेचा शेवट झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांची रचना होऊन ती १ मे १९६२ पासून अमलात आली. अवघ्या चौदा वर्षांत राज्यकर्ते, राज्यकारभाराची भाषा आणि गावातील सत्तेची रचना या तिन्ही गोष्टी बदलल्या.

या काळातील सर्वांत खोल बदल मात्र राजपत्रात नोंदला गेला नाही. तो ओवीत नोंदला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी त्यानंतर जात्यावरच्या ओवीत जे परिवर्तन घडविले, ते वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या याचे ठळक उदाहरण होत. दळणाच्या आरंभी एकेका देवाला क्रमाने एकेक ओवी अर्पण करण्याची जी जुनी रूढी होती, तिचा सांगाडा त्यांनी तसाच ठेवला आणि देवांच्या जागी बुद्ध, भीमराव आणि रमाबाई यांना आणले. छंद तोच, जाते तेच, पहाटही तीच. श्रद्धेचा विषय तेवढा बदलला. परंपरेने दिलेले साधन परंपरेच्याच विरोधात वापरण्याची ही रीत कोणत्याही ग्रंथातून शिकलेली नव्हती. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर या प्रदेशातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांच्या पार्श्वभूमीवर पाहिले असता, घराच्या चार भिंतींत गायिल्या जाणाऱ्या या ओव्यांतील निष्ठेची किंमत किती होती, हे लक्षात येते.

राज्यसंस्था जात्याच्या तोंडापर्यंत पोचली ती १९७२ च्या दुष्काळात. शिवारातून दाणा आला नाही, तेव्हा रेशनच्या दुकानातून परदेशी मिलो ज्वारी आली. दुष्काळी कामांवर स्त्रिया खडी फोडावयास बसल्या. हा अनुभव अपमानाचा आणि उपासमारीचा होता, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. बाईचे नाव हजेरीपटावर स्वतंत्रपणे आले. घरातील दळणाला मजुरी नव्हती. येथे तिच्या श्रमाचे मोल, कितीही थोडे असो, तिच्या नावापुढे लिहिले जाऊ लागले. रेशनच्या गव्हाने आणि तांदळाने भाकरीची जागा हळूहळू आकुंचित केली, हाही याच धोरणांचा दूरगामी परिणाम होय.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. आता बाई सरपंच होऊ शकते. पण तिच्या खुर्चीशेजारी बसून तिच्या वतीने बोलणारा नवरा हेही ग्रामीण महाराष्ट्राचे परिचित चित्र आहे. जात्यावर तिला अधिकाराविना वाणी होती. येथे अनेकदा अधिकार मिळूनही वाणी दुसऱ्याची असते. या दोन अवस्थांची तुलना केल्याशिवाय ओवीच्या ऱ्हासाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

६. संग्रह, स्मृती आणि नवा श्रोता

ओवी प्रत्यक्ष जीवनातून मागे सरली, त्याच काळात ती कागदावर आणि ध्वनिफितीवर येत गेली. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखालील लोकसाहित्य समितीचे खंड, मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी केलेला लोकसाहित्याचा अभ्यास ही या कार्याची मोठी परंपरा आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या द्वारे महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ताडकळस आणि माजलगाव येथील ध्वनिमुद्रणे याच प्रकल्पातील असून, हा संग्रह पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या उपक्रमाने सर्वांना खुला केला आहे.

या दोन प्रकारच्या संग्रहांत एक महत्त्वाचा फरक आहे. जुन्या मुद्रित संग्रहांत ओव्या बहुधा विषयवार लावलेल्या असतात: माहेर, सासर, भाऊ, पंढरी. गाणारी बाई त्यांत सहसा अनामिक राहते आणि ओवी 'लोकां'ची ठरते. नंतरच्या प्रकल्पात ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, जात आणि ध्वनिमुद्रणाचा दिवस यांची नोंद ठेवली गेली. मराठवाड्याच्या बोलीतील 'मपला-तुपला' यांसारखी रूपेही प्रमाणभाषेत न बसविता जशीच्या तशी राहिली. त्यामुळे ओवीला प्रथमच कर्ती मिळाली. ज्या यंत्राच्या नावाने सांस्कृतिक ऱ्हासाची तक्रार केली जाते, त्याच्याच जातकुळीतील दुसऱ्या यंत्राने, म्हणजे ध्वनिमुद्रकाने, हे घडविले. मात्र या लाभाला एक उणेपणाही आहे. जात्यावरच्या ओवीची खरी श्रोती समोर बसलेली जाऊ किंवा नणंद असे, जिला उत्तरार्ध उचलता येई. ध्वनिमुद्रित ओवीचा श्रोता दूरचा आणि मूक असतो. तो ऐकतो, पण ओवी पुढे नेत नाही.

जाते स्वतः अद्याप पूर्णपणे गेलेले नाही. लग्नघरी हळद दळताना त्याची पूजा होते, त्याला हळकुंड बांधले जाते, सवाष्णी बसतात आणि चार-पाच ओव्या म्हटल्या जातात. तेथे श्रमाचा भार उरलेला नाही. शुभाचा संकेत तेवढा उरला आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की या विधीत मांगल्याच्या ओव्या टिकल्या, सासुरवासाच्या गळाल्या. विधवेला त्या जात्यापासून दूर ठेवण्याची रूढीही अनेक घरांत टिकली. म्हणजे साधन कालबाह्य झाले तरी त्याला चिकटलेले मूल्य कालबाह्य होतेच असे नाही. उलट, उपयोग संपल्यावर ते अधिक निखळ रूपात शिल्लक राहते.

ओवीची दुसरी कामगिरी, म्हणजे बायकांनी बायकांशी बोलण्याची, काही प्रमाणात इतर ठिकाणी गेली आहे. भजनी मंडळ हे त्यांतील जुने ठिकाण. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि त्यानंतरचे शासकीय कार्यक्रम यांतून गावोगाव उभे राहिलेले बचत गट हे नवे ठिकाण. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता हा विषय असतो. पण हप्ता का थकला, हे सांगताना नवऱ्याचे व्यसन, मुलीचे शिक्षण आणि आजारपण हे सगळे बोलले जाते. या बोलण्याला छंद नाही. म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाचे तिकडे लक्ष जात नाही. आशयाच्या दृष्टीने मात्र ते ओवीच्या वंशातलेच आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून काही मुद्दे हाती येतात. ओवीचा ऱ्हास हा एका यंत्राचा परिणाम नसून अन्न, श्रम आणि वेळ यांच्या फेरवाटपाचा परिणाम आहे. या फेरवाटपात यंत्राने शक्यता निर्माण केली. त्या शक्यतेचा लाभ कोणाला मिळावा हे कुटुंबातील मूल्यांनी ठरविले. आणि वीज, पाणी, रेशन, मजुरी, राखीव जागा यांच्या रूपाने राजकारणाने तिच्या मर्यादा आखल्या. या तीन शक्ती वेगवेगळ्या क्षेत्रांत काम करीत नाहीत. एकाच बाईच्या एकाच पहाटेवर त्या एकदम काम करतात, आणि ती पहाट बदलली की तिचे गीत बदलते.

दुसरा मुद्दा अभ्यासकाच्या भूमिकेचा आहे. जात्याविषयीचा विरह हा बहुतांशी न दळणाऱ्यांचा विरह आहे. ज्यांनी दळले, त्यांनी गिरणी आल्यावर जाते परत मागितले नाही, आणि आपल्या लेकीसुनांना ते मिळावे अशी इच्छाही बाळगली नाही. त्यांचा हा निर्णय हाही लोकमानसाचाच आविष्कार होय, आणि ओवीइतक्याच आदराने तो वाचला पाहिजे. जनाबाईच्या कथेत देवाला खुंट्याला हात लावावा लागला. विजेच्या मोटारीने त्या प्रार्थनेला आपल्या परीने उत्तर दिले. त्या उत्तराबद्दल खंत करणे हे जनाबाईच्या वारशाला धरून होणार नाही.

खंत करावयाची असेल तर ती वेगळ्या गोष्टीची करावी लागेल. पहाटेचा तो वेळ सुटला, पण तो बाईच्या स्वाधीन झाला नाही. मोठ्याने बोलण्याची ती मुभा सुटली, पण तिच्या जागी तितक्याच हक्काची दुसरी जागा सर्व स्त्रियांना मिळाली नाही. ताडकळसच्या ओवीत सीतेचे ऐकावयास बोरी-बाभळी आल्या, कारण माणसे आली नव्हती. लोकसाहित्याचा अभ्यास ओव्यांच्या संख्येपाशी न थांबता, आज गंगाखेडच्या, पाथरीच्या किंवा सेलूच्या बाईचे बोलणे कोठे उमटते आणि ते कोण ऐकते, या प्रश्नाकडे वळला, तरच तो ओवीच्या मूळ हेतूशी प्रामाणिक राहील.